भारतातल्या नेटवर टझटॉक-जॅड एकट्यानं हरवता येतो का? की कोणाकडून करून घ्यावा?

येतो. आणि कोणाकडून करून घेऊ नका. उत्तर इथंच संपलं असतं, पण तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचून मला राहवलं नाही.

तुम्ही लिहिलंय की ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन गेममधल्या फाइट केव्हज नावाच्या गुहेत तुम्ही ३ वेळा शेवटच्या, म्हणजे ६३व्या वेव्हपर्यंत (शत्रूंच्या तुकडीपर्यंत) गेलात, तिन्ही वेळा तिथल्या शेवटच्या राक्षसानं, टझटॉक-जॅडनं, एका फटक्यात आडवं केलं, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) १९० मिलिसेकंद दाखवतं, आणि चॅटमधला एक जण गेममधलं गोल्ड घेऊन तुमच्या अकाउंटवर फायर केप (जॅडला हरवल्याचं बक्षीस) काढून द्यायला तयार आहे. 'आपल्या इथल्या नेटवर हे शक्यच नसेल तर काय हरकत आहे?' असं तुम्ही विचारलंय. हेच वाक्य मी माझ्या मामेभावाच्या तोंडून ऐकलेलं आहे, म्हणून एवढं लांब लिहितेय.

आधी पिंगचं बघू. या गेमचं घड्याळ ०.६ सेकंदाच्या टिकवर चालतं. जॅडचा एक वार ८ टिकांचा, म्हणजे ४.८ सेकंदांनी एक. तो पाय उचलतो किंवा आपटतो त्या क्षणी तुमचं नुकसान ठरत नाही, ते ठरतं साधारण ३ टिकांनंतर. म्हणजे बघायला, ओळखायला आणि प्रेयर (त्या प्रकारच्या माऱ्यापासून वाचवणारं कवच) बदलायला तुमच्याकडे पावणेदोन सेकंदांच्या आसपास वेळ असतो. तुमचं १९० पिंग म्हणजे एका टिकचा तिसरा हिस्साही नाही. जर्मनीत बसलेल्या पोराला जेवढा वेळ मिळतो, जवळजवळ तेवढाच सांगलीत बसलेल्या मला मिळतो. 'युरोपातल्या मुलांचं काम आहे ते' हे ज्यानं तुम्हाला सांगितलं त्यानं कधी टिक मोजलेले नाहीत.

तुम्ही ६३व्या वेव्हपर्यंत ३ वेळा गेलात, म्हणजे बाकी सगळं तुम्हाला येतं. शत्रूंना इटली रॉक या खडकामागे अडकवणं, प्रेयर खाणाऱ्या टझ-किहला आधी मारून ती वाचवणं, जादूनं मारणारा केट-झेक आला की मॅजिकची प्रेयर, हे सांगत बसत नाही. ६२व्या वेव्हचे दोन केट-झेक, ३६० लेव्हलचे, तुम्ही पार करता. मग अडतं कुठं? जॅडचा कमाल फटका ९७ चा आहे. पूर्ण ९९ हिटपॉइंट (जीव) असले तरी दोन उरतात, आपल्यासारख्यांचे तर तेवढेही नसतात. म्हणजे एक प्रेयर चुकली की खेळ संपला. आणि तिथवर पोचायला तास-दीड तास गेलेला असतो. एवढा वेळ घातलेलं एका क्षणात जाणार या भीतीनं हात थरथरतो, आणि थरथरता हात चुकीच्या चित्रावर पडतो. जादूपासून आणि बाणांपासून वाचवणाऱ्या दोन्ही प्रेयरची चित्रं शेजारी शेजारी आहेत, हेही लक्षात घ्या.

आता माझं सांगते.

मी आणि दादा (मामेभाऊ, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा) शाळेत असताना कराडच्या एका सायबर कॅफेत रूनस्केप खेळायचो. मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे गेले की रोज एक तास. मेंबरशिपचे पैसे कोण देणार, त्यामुळे फुकटच्या सर्व्हरवर, फ्री वर्ल्डमध्ये. फाइट केव्हज २००५ सालीच गेममध्ये आलेल्या, पण त्या मेंबरांसाठी. जॅड आम्ही फक्त व्हिडिओत बघितला. दादा तेव्हा म्हणायचा, एक दिवस आपण दोघं ती लाल-पिवळी केप घालून उभे राहू. मला ते वाक्य पक्कं लक्षात राहिलं.

पुढं कॉलेज, नोकरी, सगळं सुटलं. २०१३ मध्ये गेम बनवणाऱ्या जॅजेक्सनं २००७ सालच्या जुन्या बॅकअपवरून ओल्ड स्कूल सुरू केलं ते दादालाच आधी कळलं. मी परत आले २०१८ च्या शेवटी, गेम मोबाइलवर आल्यावर. लॉगिन करून त्याला भेटायला गेले तर त्याच्या पाठीवर फायर केप. मला इतका आनंद झाला की मी त्याला फोनच लावला. कसं केलंस, शेवटी हात कापले का, जॅडला बरं करणारे हीलर आले तेव्हा काय केलंस, मी विचारतेय आणि तो नुसता हं हं करतोय. दिवाळीत भेटलो तेव्हा सांगितलं त्यानं. एकाला पासवर्ड दिला होता, गोल्ड दिलं होतं, रात्री झोपला आणि सकाळी केप होती. 'आपल्या इथल्या नेटवर होत नाही गं. आणि दिसायला सारखीच दिसते ना?'

मी त्या दिवशी काही बोलले नाही. मामीनं फराळाचं ताट पुढं केलं, विषय गेला. पण मनातून गेला नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी सांगलीला घरी होते. दिवसभर ऑफिसचं काम, रात्री जेवण झालं की स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप. तिथंच नेट नीट यायचं. समोर आई दुसऱ्या दिवशीची भाजी निवडत बसायची. जॅडचा सराव करायला ब्राउझरमध्ये चालणारे सिम्युलेटर आहेत, त्यावर मी आधी हात बसवत होते. तुम्हीही तेच करा, गुहेत तास घालवून एका मिनिटाचा सराव करण्यात अर्थ नाही. काही दिवसांनी आई मेथी निवडता निवडता म्हणाली, 'तो पाय वर धरतो तेव्हा तू डावीकडचं दाबतेस आणि खाली आपटतो तेव्हा त्याच्या शेजारचं. असंच ना?'

अगदी असंच. गेमचं नाव तिला माहीत नव्हतं, प्रेयर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण जॅडची लढाई तिनं एका वाक्यात सांगितली. पुढचे पाय हवेत लोंबकळले की मॅजिक, जमिनीवर आपटले की मिसाइल, म्हणजे रेंज. मी लाख गाइड वाचली, त्यात गिअरबद्दल पानंच्या पानं. हे एवढं सरळ कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी मनात 'मॅजिक', 'रेंज' म्हणणं सोडलं आणि मोठ्यानं 'वर', 'खाली' म्हणायला लागले. दोरीवरच्या उड्यांत आत शिरताना दोरीकडं बघतो, पायांकडं नाही, तसं डोळे फक्त जॅडच्या पायांवर. स्वतःच्या हिटपॉइंटकडं नाही, त्याच्या हिरव्या पट्टीकडं नाही, चॅटकडं तर नाहीच.

खऱ्या लढाईच्या रात्री मी ६१वी वेव्ह संपल्यावर, पुढची सुरू असतानाच लॉगआउट एकदा दाबलं. असं केलं की ती वेव्ह संपली की गेम थांबतो आणि परत आलात की पुढची वेव्ह सुरू होते. (वेव्ह चालू असताना दुसऱ्यांदा दाबू नका, ती पुन्हा खेळावी लागते.) हे कोणी करत नाही आणि हेच सगळ्यात कामाचं आहे. उठले, हात धुतले, ताक प्यायले, गच्चीत दोन फेऱ्या मारल्या. तासभराचा ताण अंगावर घेऊन जॅडसमोर जायचंच कशाला? आईला म्हटलं, आता खरा येणार. तिनं लसूण बाजूला ठेवला आणि खुर्ची माझ्या शेजारी ओढली.

लॉगिन केलं, मॅजिक आधीच लावलेली, रून क्रॉसबो हातात, अंतर ठेवून. जवळ गेलात तर तो पंजानंही मारतो आणि त्यात विचार करायला वेळ मिळत नाही. पहिला वार आला आणि आई म्हणाली, 'वर.' मी लावलेलीच होती. 'खाली.' बदलली. 'खाली. वर. वर. खाली.' तिचा आवाज शांत, जसं कोणाला पत्ता सांगावा तसा. मी पण तिच्याबरोबर म्हणत होते, एखाद्या वेळी तिच्या आधी. जॅडचे २५० हिटपॉइंट आहेत. ते निम्म्यावर आले आणि चार हीलर उगवले, यट-हुरकॉट. आई थांबली. 'हे कोण आता?'

इथून पुढं तिचा आवाज नव्हता. ती हीलरांकडं बघत होती आणि मी जॅडच्या पायांकडं. त्याचा वार झाला, प्रेयर बरोबर होती, की लगेच एका हीलरवर एक बाण आणि नजर परत पायांवर. पुढचा वार, पुढचा हीलर. चौघांना एकेकच बाण पुरतो, मग ते जॅडला बरं करायचं सोडून तुमच्यामागं लागतात. त्यांचा मार सोसता येतो. एकाच वाराच्या मधे चौघांना टॅग करायला जाऊ नका. नव्वद टक्के लोक तिथंच मरतात असं माझं मत आहे, कारण दोन क्लिक हीलरवर गेले की पाय बघायचे राहून जातात. मधल्या वेळात जॅड थोडा भरला तर भरू द्या. पूर्ण भरून पुन्हा निम्म्यावर आला तरच नवे हीलर येतात, तेवढं होऊ द्यायचं नाही. पोशनसुद्धा त्याच जागी, वार होऊन गेल्यावर एक घोट, आणि लगेच प्रेयरचा टॅब परत उघडा.

पडला तो. आईनं टाळी वाजवली आणि तोंडावर हात ठेवला, बाबा झोपले होते म्हणून. मी रडले. त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दादाला स्क्रीनशॉट पाठवला. त्याचं उत्तर असं: 'आत्या शेजारी बसून सांगत होती म्हणजे तूही एकटीनं नाही केलंस. मी माणूस लावला, तू आत्या लावलीस. काय फरक?'

हे तो अजूनही म्हणतो. गेल्या गणपतीतही सगळ्यांसमोर म्हणाला. म्हणून फरक इथं नीट लिहून ठेवते. आईचं बोट त्या प्रेयरवर नव्हतं. चुकीचं दाबलं असतं तर मीच मेले असते. तिनं मला बघायला शिकवलं, आणि शिकलेलं माझ्याकडं राहिलं, आजही पाय दिसले की हात आपोआप जातो. दादाच्या त्या रात्रीतून त्याच्याकडं काय राहिलं? पासवर्ड दुसऱ्याला देणं नियमात बसत नाही, अकाउंट बंद होऊ शकतं, शिवाय गेमच्या बँकेतलं सगळं त्या अनोळखी माणसापुढं उघडं. कुठली प्रेयर लावायची ते सांगणारं सॉफ्टवेअरही जॅजेक्स चालू देत नाही. पण शेजारी बसून आई 'वर' म्हणाली, यावर जगातल्या कुठल्याही खेळात बंदी नाही.

आणि पुढचंही बघा. फायर केप विकता येत नाही, विकत घेता येत नाही, ती मुद्दाम तशी ठेवली आहे. २०१७ मध्ये इन्फर्नो हे पुढचं आव्हान आलं, तिथं आत शिरायलाच एक फायर केप अर्पण करावी लागते. ६९ वेव्ह, ६७व्या वेव्हला जॅड, ६८व्या वेव्हला एकदम तीन जॅड. ज्यानं पहिला जॅड झोपेत मिळवला तो तिथं काय करणार? दादा इन्फर्नोच्या दारापर्यंतही गेलेला नाही. लहानपणी केपची स्वप्नं बघणारा तो होता, माझ्याहून जास्त. त्यानं केलं असतं तर त्याला जमलं असतं, याचंच मला वाईट वाटतं. मी त्याला सांगितलंय की ये, मी शेजारी बसते. अजून आलेला नाही.

तुमच्याबद्दल राहिलेलं. गिअरवर गोल्ड उधळू नका, रून क्रॉसबो आणि काळं ड्रॅगनहाइड पुरतं. ब्लोपाइप (जास्त वेगानं मारणारं शस्त्र) असेल तर वेव्ह लवकर संपतात, जॅडचे पाय काही वेगळे हलत नाहीत. आवाज चालू ठेवा, दोन्ही वारांचे आवाज वेगळे आहेत. रेंजची लेव्हल ७० च्या खाली असेल तर आधी ती वाढवा, नाहीतर लढाई लांबते आणि प्रेयर संपते. पिंगबद्दल वर जे म्हटलं ते स्थिर पिंगबद्दल. तुमचं नेट मधूनच तुटत असेल तर मात्र आधी ते बघा, मोबाइलवर खेळत असाल तर येणारे फोन बंद करा. गुहेत मेलात तरी सामान जात नाही, त्यामुळे भिण्याचं कारण नाही. फक्त अकाउंट हार्डकोर आयर्नमन असेल तर हे लागू नाही, तिथं एकदा मेलात की हार्डकोर हा दर्जा गेला, तेव्हा सिम्युलेटरवर हात पूर्ण बसल्याशिवाय जाऊ नका. तुमची रेंज आणि प्रेयरची लेव्हल प्रश्नात लिहिलेली नाही, ती खाली लिहा, पोशन किती न्यायचे ते त्यावरून सांगते.