ठाण्यात पहिली गाडी घेतोय, शोरूमवाला म्हणतो ‘रेट फिक्स आहे’. किंमत कमी कशी करून घ्यायची?

घोडबंदर रोडच्या शोरूमने दिलेलं कोटेशन तुम्ही प्रश्नात जसंच्या तसं टाकलंत हे फार बरं केलंत. तेच समोर ठेवून बोलते. पेट्रोल गाडी, कर्जावर. एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओ आणि विमा धरण्याआधीची किंमत, ९,४०,०००. आरटीओ १,१६,०००. इन्शुरन्स ५४,०००. हँडलिंग ८,५००. ‘इसेन्शियल किट’ १४,९९०. एक्स्टेंडेड वॉरंटी १७,५००. फास्टॅग ६००. सूट २०,०००. ऑन-रोड, म्हणजे सगळं धरून, ११,३१,५९०.

‘रेट फिक्स आहे’ हे तो पहिल्या ओळीबद्दल बोलतोय आणि तेवढ्यापुरतं ते बरंचसं खरं आहे. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते. त्यातून डीलरला सुटणारं मार्जिन थोडं, आणि त्यातच मोक्याच्या जागेचं भाडं, पगार आणि उभ्या स्टॉकवरचं व्याज भागवायचं. मी काही वर्षं ठाण्यातल्याच एका शोरूममध्ये इन्शुरन्स-फायनान्सच्या टेबलावर बसायचे. आमच्या मॅनेजरला सकाळच्या मीटिंगमध्ये किती गाड्या गेल्या याच्याइतकीच काळजी असायची ती गाडीमागे किती इन्शुरन्स, किती लोन, किती अ‍ॅक्सेसरीज गेल्या याची. शोरूमचं पोट त्यावर भरतं. गिऱ्हाईक मात्र सगळा जोर ‘अजून पाच हजार कमी करा’ यावर लावतं. ते पाच हजार हसतमुखाने कमी होतात आणि खालच्या कुठल्यातरी ओळीतून परत वसूल होतात. म्हणून भाव करायचा तो ‘सूट’ या आकड्यावर करू नका, खालच्या ओळींवर करा.

आधी आरटीओ. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ आणि त्यावर १३ टक्के एकरकमी कर लागतो. डिझेलला प्रत्येक टप्प्यात दोन टक्के जास्त. कंपनीच्या नावावर घेतलीत तर २० टक्के, म्हणून भाऊजींच्या फर्मच्या नावावर घेण्याचा विचार असेल तर आधी सीएला विचारा. तुमच्या गाडीचा कर झाला १,०३,४००. नोंदणी फी ६००, स्मार्ट कार्ड २००, कर्ज असल्यामुळे हायपोथिकेशनचे, म्हणजे गाडी बँकेकडे तारण असल्याच्या नोंदीचे, १,५००. करावरचा किरकोळ अधिभार आणि टपालखर्च धरला तरी १,०८,००० च्या पुढे जायला नको. तुमच्या कागदावर १,१६,००० आहेत. मधले आठ हजार सरकारकडे जात नाहीत. शांतपणे एवढंच म्हणा, ‘आरटीओची पावती जेवढ्याची, तेवढेच पैसे मी देणार.’ कर ऑनलाइन भरला जातो आणि पावतीवर प्रत्येक रक्कम वेगळी छापलेली असते, हे तुम्हाला ठाऊक आहे असं दिसलं की हा मुद्दा सहसा वाढत नाही. नंबरप्लेटचे वेगळे पैसे मागितले तर तेही देऊ नका. २०१९ पासून नव्या गाडीसोबत हाय सिक्युरिटी प्लेट यायलाच हवी.

जाता जाता, तुम्ही टॉप मॉडेलचाही विचार करताय असं लिहिलंय. ते दहा लाखांच्या थोडं वर गेलं तर कराचा टप्पा पूर्ण रकमेवर बदलतो, नुसत्या वरच्या फरकावर नाही. ९,९५,००० वर कर १,०९,४५०, आणि १०,०५,००० वर १,२०,६००. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने तुमच्याकडून आधीच घेतलेला आयकर. तो मात्र रिटर्न भरताना तुमच्या करात वळता होतो, तेव्हा त्यावर वाद घालू नका, फक्त तुमचा पॅन नंबर नीट लिहिलाय ना ते बघा.

हँडलिंग, लॉजिस्टिक्स, डेपो चार्जेस, नाव काहीही असो, हे ८,५०० द्यायचे नाहीत. एक्स-शोरूम म्हणजे शोरूमच्या दारात उभी असलेली गाडी. ती भिवंडीच्या किंवा कळंबोलीच्या यार्डातून तिथपर्यंत आणणं हे डीलरचं काम. ‘सगळेच देतात सर’ असं उत्तर मिळेल. त्यावर ‘मग बिलात हँडलिंग चार्जेस असं लिहून, सही-शिक्क्यानिशी द्या’ म्हणायचं. बहुतेक वेळा तिथेच ओळ गळते. किटचंही तसंच. मॅट, मडफ्लॅप, बॉडी कव्हर, डॅशबोर्डवरचा गणपती आणि एक उग्र वासाचं परफ्यूम असा तो संच असतो. मॅट आणि मडफ्लॅप फुकट मागा. गणपती घरून न्या, तो जास्त सुबक असेल. टेफ्लॉन आणि अंडरबॉडी कोटिंगला पहिल्या दिवशी सरळ नाही म्हणा, पुढे कधी वाटलंच तर बाहेरून करून घेता येतं.

आता माझ्या जुन्या टेबलाकडे येऊ, कारण खरा पैसा तिथे आहे.

नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणारा, २०१८ पासून सक्तीचा आहे. त्याचे दर सरकारी, इंजिनाच्या क्षमतेप्रमाणे ठरलेले, तुम्ही कुठूनही घ्या. फरक पडतो तो ‘ओन डॅमेज’च्या, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. त्यावर विमा कंपनी सूट देते आणि डीलरच्या कोटेशनमध्ये ती गिऱ्हाईक बघून कमी-जास्त होते. माझ्या स्क्रीनवर तो टक्क्यांचा रकाना असायचा. काहीही न विचारणाऱ्याला त्यात अगदी कमी आकडा पडायचा.

एक निवृत्त काका मला अजून आठवतात, वसंत विहारचे. गाडी ठरली, रंग ठरला, फॉर्मवर सही करायला पेन हातात घेतलं आणि मग शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर उलगडला. त्याच विमा कंपनीचं बाहेरचं कोटेशन, तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तेच झिरो डेप (क्लेममध्ये पार्टची झीज न कापण्याची सोय). ‘ताई, एवढ्यात बसत असेल तर तुमच्याकडून घेतो. नाहीतर मी हेच भरतो, मला घाई नाही.’ मी टीम लीडरकडे बघितलं, त्याने काचेच्या केबिनकडे. पाच मिनिटांत आमचा आकडा काकांच्या आकड्यापेक्षा पाचशेच रुपये वर आला. काकांनी ते पाचशेही सोडले नाहीत, त्या बदल्यात मॅट घेतले. आवाज चढवला नाही, ‘तुम्ही लुटता’ वगैरे काही नाही. घरी गेल्यावर असाच कागद तुम्हीही तयार करा. दोन विमा कंपन्यांच्या साइटवर गाडीचं मॉडेल टाका आणि डीलरच्या कोटेशनमधल्या सगळ्या अटी तशाच ठेवून आकडा काढा. आयडीव्ही नक्की तपासा. नव्या गाडीची आयडीव्ही एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात. ती खाली ओढून हप्ता स्वस्त दाखवणं ही जुनी युक्ती आहे आणि ती ऑनलाइनवालेही करतात.

‘बाहेरचा इन्शुरन्स घेतला तर कॅशलेस मिळणार नाही’ असं सांगतील. वर्कशॉपचा करार विमा कंपनीशी असतो, पॉलिसी कोणी विकली त्याच्याशी नसतो. ‘मग २०,००० ची सूट जाईल’ असं म्हणाले तर विचारा, ही सूट कंपनीच्या स्कीममधली की तुमच्या खिशातली? स्कीममधली असेल तर इन्शुरन्सशी तिचा काय संबंध? अ‍ॅड-ऑनमध्ये, म्हणजे पॉलिसीला जोडून घ्यायच्या जास्तीच्या सोयींत, झिरो डेप घ्या आणि ठाण्यात राहताय तर इंजिन प्रोटेक्टही घ्या. जुलैत वंदना टॉकीजपाशी पाण्यात बंद पडलेल्या गाड्या बघितल्या असतील तर यावर जास्त सांगायला नको. चावी हरवली, सामान हरवलं असले अ‍ॅड-ऑन गाळा. ५४,००० ची पॉलिसी अशाने चाळीस हजारांच्या आसपास यावी. घरात जुनी गाडी असती आणि ती विकली असती तर तिचा नो क्लेम बोनसही नव्या गाडीवर आणता आला असता. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ओन डॅमेजच्या हप्त्यावर ५० टक्के असतो. तुमची पहिलीच गाडी, म्हणून सोडून देते. वडिलांच्या नावावरचा बोनस तुमच्या नावावर चालत नाही.

कर्जाबद्दल थोडक्यात. पगार ज्या बँकेत येतो तिचा दर लेखी घेऊन मगच शोरूममध्ये जा. आठ लाखांवर पाच वर्षांत अर्ध्या टक्क्याचा फरक म्हणजे साडेअकरा हजारांच्या वर. कुणी ‘फक्त पाच टक्के’ म्हणालं तर तो फ्लॅट दर, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर लावलेला, आहे का ते विचारा. पाच वर्षांचा पाच टक्के फ्लॅट म्हणजे नेहमीच्या हिशोबाने नऊ टक्क्यांच्या वर जातो. आणि ‘महिन्याला किती परवडेल सर?’ या प्रश्नाला उत्तर देऊ नका. एकदा हप्ता सांगितलात की वर्षं वाढवून त्यात काहीही बसवता येतं.

कधी घ्यायची? महिन्याच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत टार्गेटसाठी धावपळ असते, तेव्हा मॅनेजर जास्त मोकळा बोलतो. मार्चअखेर आणि डिसेंबर चांगले. डिसेंबरची गाडी जानेवारी उजाडताच कागदावर आधीच्या वर्षाची होते. तीन वर्षांत विकणार असाल तर त्याचा तोटा होतो, दहा वर्षं वापरणार असाल तर सूट घ्या आणि मजेत फिरा. गुढीपाडवा, दसरा, धनत्रयोदशीला मात्र भाव करायला जाऊच नका, त्या दिवशी लोक मुहूर्तासाठी रांगेत असतात. सगळ्यात ओस पडलेलं शोरूम मी बघितलं ते पितृपक्षात. घरचे तयार असतील तर बोलणी तेव्हा करा आणि डिलिव्हरी घटस्थापनेनंतर घ्या. माझ्या सासूबाईंना टोकनसुद्धा पक्षात द्यायला चालत नाही, पण नुसतं बोलायला कोणाची हरकत? एक लक्षात ठेवा, किंमत आणि स्कीम लागते ती गाडीचं बिल फाटेल त्या दिवसाची, बुकिंगच्या दिवसाची नाही. म्हणून ठरलेली सूट बुकिंगच्या फॉर्मवर लिहून घ्या आणि बुकिंग रद्द केलं तर किती पैसे कापणार तेही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तो फायदा कुणी ‘आमची सूट’ म्हणून मोजून दाखवत असेल तर हसून सोडून द्या.

तुम्ही ऐरोलीला आयटीत आहात म्हणालात. मग कॉर्पोरेट डिस्काउंट विचारलात का? बऱ्याच कंपन्यांची नावं यादीत असतात, पण आयकार्ड दाखवून मागितल्याशिवाय कुणी आपणहून देत नाही. ज्या मॉडेलला दोन-तीन महिन्यांचं वेटिंग आहे त्यावर मात्र यातली रोख सूट विसरा, तिथे खालच्या ओळी तेवढ्या कमी होतील.

शोरूमला एकटे किंवा बायकोला घेऊन जा, पण मुलांना पहिल्या भेटीत नको. पोरगं स्टेअरिंगवर बसून ‘बाबा, हीच’ म्हणालं की सेल्सवाल्याने तुमची फाइल मनात बंद केलेली असते. आणि पूर्ण पैसे भरायच्या आधी चॅसिस नंबर मागा, नोंदणी व्हायच्या आधी यार्डात जाऊन दिवसाउजेडी ती गाडी बघा. टायरवरचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. गाडी कोणत्या महिन्यात बनली ते सेल सर्टिफिकेटवर, म्हणजे फॉर्म २१ वर असतं. आत काही खटकलं तर नोंदणीआधी दुसरी गाडी मागता येते. नंतर ती तुमची.

आता तुमचा आकडा. आरटीओ १,०८,०००, इन्शुरन्स ४०,०००, वॉरंटी आणि फास्टॅग आहे तसं, हँडलिंग आणि किट शून्य, सूट तीच २०,०००. होतात १०,८६,१००. हेच मॉडेल तुर्भ्याच्या डीलरकडेही आहे. त्याला आधी फोन करून ओळीनिहाय कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा आणि मग घोडबंदरला जाऊन सेल्सवाल्याशी न बोलता थेट सेल्स मॅनेजरची वेळ घ्या. १०,९०,००० च्या आत देत असेल तर चेक देऊन टाका. कॉर्पोरेटचे वेगळे सुटले तर तेवढे आणखी खाली. अकरा लाखांवर अडून बसला तर ठाणे-बेलापूर रोडने तुर्भे काही लांब नाही, तसेही तुम्ही रोज ऐरोलीपर्यंत जाताच.