हृदय हार्मोन तयार करतं का? वडिलांचा एनटी-प्रोबीएनपी वाढलाय, तो कमी कसा करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७२ वर्षांचे, संध्याकाळी पायांवर सूज येते, दुसऱ्या मजल्यावर चढताना धाप लागते. डॉक्टरांनी एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी सांगितली, आकडा २१४० आला. हृदय हार्मोन कसं काय बनवतं, नावात ‘ब्रेन’ कुठून आला, आणि ही वाढलेली पातळी खाली आणायची गोळी कोणती?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. हे हार्मोन दाबायची गोळी शोधू नका, ते तुमच्या वडिलांच्या बाजूचं आहे. पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी बरीच वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. आता सकाळी सारसबागेत फिरायला जाते तेव्हा आमच्या वयाच्या मंडळींच्या गप्पा ऐकते. साखर, कोलेस्टेरॉल, युरिक ॲसिड यांची इतकी सवय झालीय की रिपोर्टवर ठळक छापलेला कुठलाही आकडा दिसला, की तो खाली आणायचाच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. इथे हिशेब उलटा आहे. आकडा वाढलाय तो हृदयावर ताण आलाय म्हणून. ताण कमी करा, आकडा आपोआप उतरेल.

आता हृदय आणि हार्मोन. १९५६ साली ब्रुनो किश यांनी गिनीपिगच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांतल्या, म्हणजे अलिंदांतल्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यांत बारीक गोल कण होते. १९६४ मध्ये जेमीसन आणि पलाडे यांनी त्या कणांचं नीट वर्णन केलं. असे कण स्वादुपिंडात किंवा पिट्युटरीत सापडले असते तर कुणाची भुवई उंचावली नसती, कारण स्राव साठवून ठेवणाऱ्या पेशी तशाच दिसतात. पण हृदयाच्या स्नायूला काय साठवायचं असणार? गंमत म्हणजे त्याच १९५६ साली दुसऱ्या एका प्रयोगशाळेत कुत्र्याच्या डाव्या अलिंदात फुगा फुगवून पाहिला होता, आणि कुत्र्याची लघवी वाढली होती. त्याचं श्रेय तेव्हा मज्जातंतूंना दिलं गेलं. दोन्ही धागे शेजारी पडून राहिले, बरीच वर्षं कुणी गाठ मारली नाही.

ती मारली अडोल्फो दे बोल्ड यांनी. मूळचे अर्जेंटिनाचे, काम कॅनडातल्या किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात. प्रयोग इतका सरळ, की विद्यार्थ्यांना सांगताना मला दर वर्षी नव्याने मजा यायची. उंदरांच्या अलिंदांचा अर्क काढायचा आणि दुसऱ्या उंदराच्या शिरेत टोचायचा. पडताळणीसाठी खालच्या कप्प्यांचा, निलयांचा अर्क वेगळ्या उंदरांना. निलयाच्या अर्काने काहीच घडलं नाही. अलिंदाच्या अर्काने काही मिनिटांत लघवी दहापट वाढली, सोडियम तिसाहून अधिक पटीने बाहेर पडलं आणि रक्तदाब उतरला. हे १९८१ साली छापून आलं. त्यानंतर तीन-चार वर्षांत जपान, अमेरिका आणि कॅनडातल्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ शुद्ध केला. २८ अमिनो आम्लांची छोटी साखळी, त्यातल्या १७ अमिनो आम्लांचं एक कडं. हे एएनपी, म्हणजे एट्रियल (अलिंदाचं) नॅट्रियुरेटिक (लघवीतून सोडियम बाहेर काढणारं) पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी).

तुमच्या वडिलांच्या रिपोर्टवरचं बीएनपी हे त्याचं भावंड, ३२ अमिनो आम्लांचं, कडं तसंच. १९८८ मध्ये ते पहिल्यांदा डुकराच्या मेंदूतून वेगळं केलं गेलं म्हणून नावातला ‘बी’ ‘ब्रेन’चा. माणसात ते मुख्यतः हृदयातच तयार होतं, आणि हृदय थकलेलं असेल तर खालच्या कप्प्यांतून भरपूर. मेंदूचा काही आजार असल्याची शंका मनातून काढून टाका.

काम काय करतं, हे पुणेकराला खडकवासल्याच्या भाषेत पटकन समजेल. धरणात पाणी वाढलं की विसर्ग वाढवतात. फरक एवढाच, की तिथे पातळी मोजून कुणीतरी आदेश देतो, इथे भिंत स्वतःच ताण ओळखते आणि स्वतःच आदेश सोडते. अंगात मीठ आणि पाणी जास्त झालं, रक्ताचं आकारमान वाढलं, की अलिंदाच्या भिंती ताणल्या जातात आणि साठवलेलं एएनपी लगेच रक्तात उतरतं. बीएनपीचा साठा फारसा नसतो, ताण टिकून राहिला की जनुक चालू होऊन ते नव्याने बनतं. म्हणूनच रेंगाळलेल्या त्रासाची खूण म्हणून डॉक्टरांना तेच जास्त उपयोगी पडतं.

हा आदेश सर्वांत आधी पोचतो किडनीत. तिथल्या प्रत्येक सूक्ष्म गाळणीत रक्त आणणारी बारीक धमनी सैल होते आणि बाहेर नेणारी आवळते, त्यामुळे गाळणीतला दाब वाढून जास्त पाणी गाळलं जातं. पुढच्या नळीत सोडियम परत शोषून घ्यायचं काम मंदावतं. इतक्यावर थांबत नाही. किडनीतून सुटणारं रेनिन आणि ॲड्रिनल ग्रंथीतून सुटणारं अल्डोस्टेरॉन ही मीठ धरून ठेवणारी जोडी, तिलाही हे हार्मोन दाबतं. रक्तवाहिन्या सैलावतात. केशवाहिन्यांतून थोडं पाणी बाहेरच्या ऊतींत झिरपतं, तेवढाच हृदयावरचा भार हलका.

याचा अनुभव तुम्ही घेतलाय, फक्त नाव माहीत नसेल. टिळक तलावात पोहायला उतरल्यावर थोड्या वेळाने लघवीची भावना होते ना? पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, अलिंदं ताणली जातात. बाकी कारणंही असतात, पण त्यात एएनपीचाही हात आहे. ज्यांच्या पायांवर दिवसभर सूज असते त्यांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, त्यामागेही हेच: आडवं झाल्यावर पायांत साठलेलं पाणी रक्तात परततं आणि हृदयाला ते जाणवतं. सगळं खापर प्रोस्टेटवर फोडू नये. आणि वडील मोठ्याने घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत जो उणा दाब तयार होतो, त्यानेही अलिंद ताणलं जातं आणि रात्रीची लघवी वाढते.

किडनीबाहेरची कामं कमी चर्चेत असतात, पण मला तीच जास्त रोचक वाटतात. एएनपी माणसाच्या चरबीच्या पेशींना साठवलेली चरबी मोकळी करायला लावतं, म्हणजे हृदय आपल्या इंधनाच्या पुरवठ्यातही बोलतं. हृदयाच्या स्नायूची अवाजवी जाडी आणि त्यात तयार होणारे चिवट तंतू यांनाही ही भावंडं आवर घालतात. एएनपीचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांना मीठ दिलं की त्यांचा रक्तदाब चढतो, हे १९९५ साली दिसलं. २०१२ मध्ये आणखी एक धागा मिळाला. एएनपीला त्याच्या कच्च्या रूपातून कापून तयार करणारं कोरिन नावाचं विकर (एन्झाइम) गर्भाशयातही असतं. ते किंवा एएनपी नसलेल्या उंदराच्या माद्यांना गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, म्हणजे जवळजवळ गरोदर बायकांचा तो भीतिदायक आजार, प्री-एक्लॅम्प्सिया.

इथे तुम्ही विचाराल (विचारलं नसलंत तरी विचारायला हवं): हार्मोन एवढं गुणाचं आणि वडिलांच्या रक्तात एवढं भरपूर, तर पायांवर सूज का?

कारण मोजलेलं सगळं कामाचं नसतं. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय शरीराच्या गरजेला पुरं पडत नाही तेव्हा, रक्तात फिरणाऱ्या बीएनपीचा मोठा हिस्सा न कापलेल्या, अर्धवट रूपात असतो आणि त्याची ताकद फार कमी. दुसरं, सतत हाका ऐकून पेशींवरचे रिसेप्टर, म्हणजे हार्मोनची हाक टिपणारे रेणू, मंद होतात. आणि सर्वांत महत्त्वाचं, समोरची बाजू जास्त ताकदीची आहे. हृदय पुरेसं रक्त पुढे ढकलत नाही म्हणून किडनीला वाटतं, शरीर कोरडं पडलंय. ती रेनिन सोडते, अल्डोस्टेरॉन वाढतं, ॲड्रेनलिनची यंत्रणा जागी होते, आणि सगळे मिळून मीठ-पाणी धरून ठेवतात. हृदय म्हणतंय सोडा, किडनी म्हणतेय धरा. तुमच्या वडिलांच्या घोट्यांवर बोट दाबल्यावर जो खळगा पडतो, तो या भांडणाचा निकाल. डॉक्टर ज्या गोळ्या लिहून देतील, लघवीची गोळी, अल्डोस्टेरॉन अडवणारी गोळी, त्या बहुतेक दुसऱ्या बाजूला आवरायला असतात.

बाहेरून बीएनपी टोचून पाहायचा विचार तुमच्याच डोक्यात येईल असं नाही. अमेरिकेत २००१ मध्ये तसं औषध मंजूर झालं, नेसिरिटाइड नावाचं. २०११ मधल्या मोठ्या चाचणीत त्याने ना मृत्यू कमी केले, ना पुन्हा दाखल होणं. मग डाव उलटा टाकला गेला: हार्मोन बाहेरून द्यायचं नाही, आतलं मोडू द्यायचं नाही. नेप्रिलायसिन नावाचं विकर या पेप्टाइडांचे तुकडे करतं, सॅक्युबिट्रिल त्याला अडवतं, आणि सोबतचं व्हॅल्सार्टन रेनिनच्या बाजूला रोखतं. ही जोडगोळी २०१४ मध्ये ८४०० हून जास्त रुग्णांच्या चाचणीत एनालाप्रिल या जुन्या औषधापेक्षा सरस ठरली, आणि पंपिंग कमी झालेल्यांना आज सर्रास दिली जाते. म्हणजे हार्मोन कमी करायची गोळी तुम्ही मागत होतात, आणि वैद्यकाने शोधून काढली ती टिकवायची.

आता तुमचा आकडा. कच्चा प्रोबीएनपी १०८ अमिनो आम्लांचा असतो, कापला की ३२ चं कामाचं बीएनपी आणि ७६ चा एनटी-प्रोबीएनपी नावाचा तुकडा मिळतो. तो तुकडा स्वतः काही करत नाही, पण रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून प्रयोगशाळांना सोयीचा. धाप लागून तातडीने आलेल्या माणसात तो ३०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर हार्ट फेल्युअर जवळपास बाद करता येतं. निश्चित धरायची रेषा मात्र वयानुसार सरकते: पन्नाशीच्या आत ४५०, ५० ते ७५ मध्ये ९००, त्यापुढे १८००. ओपीडीत सावकाश तपासायला आलेल्या माणसासाठी बाद करायची रेषा १२५. तुमच्या वडिलांचा २१४० या सगळ्यांच्या वर आहे, म्हणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लवकर करून घ्या. इकोत पंपिंग ६० टक्के, म्हणजे नॉर्मल आलं म्हणून ‘हार्ट एकदम ओके’ असं समजू नका. हृदय ताठर झालं, नीट सैलावत नसलं, तरी हा आकडा वाढतो आणि धाप लागते. किडनी मंदावली असेल, ठोके अनियमित असतील, फुप्फुसात गुठळी असेल, तरी वाढतो. लठ्ठ माणसात तो अपेक्षेपेक्षा कमी येतो, तिथे कमी आकड्यावर निर्धास्त राहणं धोक्याचं. म्हणून क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि ईसीजी सोबत हवेतच.

सॅक्युबिट्रिल सुरू झालं तर पुढच्या वेळी ‘बीएनपी’ नको, एनटी-प्रोबीएनपीच करायला सांगा. बीएनपी मोडणं थांबल्यामुळे त्याचा आकडा औषधानेच वाढू शकतो. दोन तपासण्यांचे आकडे एकमेकांशी ताडूनही पाहू नका, मापच वेगळं आहे.

घरी करण्यासारखं: रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणीच आहे, डॉक्टरांना फोन करा. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बंद, त्या मीठ धरून ठेवतात. पापड, लोणचं, फरसाण यांच्याबद्दल वडिलांशी वाद होणारच. तो घाला. सैंधव ‘चालतं’ असं कुणी सांगेल, तेही सोडियमच. आणि बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि हृदयाच्या यातल्या बऱ्याच गोळ्याही पोटॅशियम वाढवतात.