आंब्याची बाग आणि म्हशी सांभाळतो, आता सायबर सुरक्षेत जाता येईल का?

तुम्ही लिहिलंय, वय 27, बी.कॉम. झालंय, राजापूरकडे घरची हापूसची कलमं आणि चार म्हशी आहेत, आणि एक क्लासवाला 'एथिकल हॅकिंग'साठी, म्हणजे मालकाच्या परवानगीने त्याच्या यंत्रणेतल्या फटी शोधायला शिकवण्यासाठी, दीड लाख मागतोय.

जाता येईल. क्लास मात्र लावू नका, निदान आत्ता तरी नको. मी देवगड तालुक्यातला, बागेतच वाढलो. हल्ली नवी मुंबईत एका कंपनीच्या सॉकमध्ये असतो. सॉक म्हणजे गिऱ्हाईक कंपन्यांच्या कॉम्प्युटरांवर रात्रंदिवस नजर ठेवणारा विभाग.

काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं पळवून कोणाचं तरी वायफाय फोडायचं, हे जे क्लासवाले दाखवतात, ते काम नवख्याला कोणी देत नाही. नवख्याला मिळते एल-वनची, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीची शिफ्ट. समोर अलर्ट, म्हणजे काहीतरी संशयास्पद दिसल्याच्या सूचना, येत राहतात आणि त्यातले बहुतेक फुसके निघतात. कोणी पासवर्ड विसरलेला असतो, कोणी दुबईला फिरायला जाऊन तिथून ऑफिसची मेल उघडलेली असते. विंडोजच्या लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर आपणहून ठेवतो त्या नोंदवहीत, 4625 म्हणजे लॉगिन फसलं, 4624 म्हणजे जमलं. एकाच खात्यावर ओळीने शे-दोनशे 4625 आणि त्यांच्या शेपटाला रात्री दोन वाजता एक 4624 दिसला की झोप उडते. मग तो कॉम्प्युटर नेटवर्कवरून तोडायचा का, हे वरच्याला विचारायचं आणि काय दिसलं ते इंग्रजीत चार ओळींत लिहायचं. या चार ओळींवरच पुष्कळ पोरं अडकतात. इंग्रजी फाडफाड बोलता आलं नाही तरी चालतं, पण केव्हा, कुठून, कोणत्या खात्यावर, हे सरळ लिहिता आलंच पाहिजे.

रात्रपाळी चुकत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवाव्या लागतात, लॉगही 180 दिवस जपावे लागतात. सकाळी बघू, असं म्हणायची सोयच नाही.

बागेचा उपयोग होतो का? होतो. राखणीला बसणाऱ्याला पानांच्या आवाजावरून वानर आलं की नुसता वारा हे कळतं, तसा कान इथेही लागतो. पण त्याआधी बाग पाठ असावी लागते, आणि इथली बाग म्हणजे नेटवर्क. आयपी (मशीनचा पत्ता), सबनेट (नेटवर्कचा एक तुकडा), डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा), पोर्ट (मशीनचं ठरावीक कामाचं दार) हे कच्चं असेल तर पुढचं सगळं पोपटपंची होते.

सुरुवात पावसाळ्यात करा. लावणी आटपली, कल्टार (मोहोरासाठी कलमाच्या मुळाशी घालतात ते औषध) घालून झालं, की बेणणी म्हणजे तण काढणं सोडलं तर मोहोरापर्यंत त्यातल्या त्यात उसंत असते. मोहोर आला की तुडतुडे आणि फवारण्या, मार्चपासून पेट्या. तेव्हा अभ्यास होणार नाही हे धरूनच चला. पावसात वीजही जाते आणि रेंजही, म्हणून ओव्हरदवायर या साइटवरचा 'बँडिट' हा फुकटातला सराव मला फार सोयीचा वाटतो. तो नुसत्या अक्षरांवर चालतो, डेटा जवळजवळ लागत नाही, आणि लिनक्सच्या (विंडोजसारखीच दुसरी एक ऑपरेटिंग सिस्टिम) कमांड आपोआप अंगवळणी पडतात. सोबत आपल्याच लॅपटॉपवर वायरशार्क हे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर लावून एखादी साइट उघडताना काय काय जातं-येतं ते बघत बसा. 8 जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. प्रयोग फक्त स्वतःच्या मशीनवर किंवा सरावासाठीच ठेवलेल्या साइटवर करायचे. शेजाऱ्याच्या वायफायवर गंमत म्हणूनसुद्धा नको. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता सगळ्यात कामाचं सांगतो. एकदम सॉकच्या नोकरीमागे लागण्याआधी जवळपासच्या ब्रॉडबँडवाल्याकडे किंवा सीसीटीव्ही बसवणाऱ्याकडे काम धरा. माझी सुरुवात तिथलीच. राउटर लावणं, केबल टाकणं, होमस्टेवाल्याचं नेट का चालत नाही ते शोधणं, यात नेटवर्क जेवढं कळतं तेवढं व्हिडिओ बघून कळत नाही. सुरक्षाही तिथेच भेटते. आपल्याकडे बागेत, लॉजवर, देवळात कॅमेरे लागलेत आणि कित्येकांचा पासवर्ड कंपनीने दिला तोच आहे. असेच बदललेले नसलेले पासवर्ड वापरून मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारे डबे) ताब्यात घेतले होते. त्यांच्याच जोरावर 21 ऑक्टोबर 2016 ला डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडखळल्या. ज्यांच्याकडे कॅमेरा बसवाल त्यांचा पासवर्ड बदलून द्या आणि काय काय केलंत ते वहीत लिहून ठेवा. मुलाखतीत ती वही सर्टिफिकेटापेक्षा जास्त बोलते. (मुलाखत घेणारा आंब्याची पेटी केव्हा पाठवताय असं विचारतोच. हसून सोडून द्या.)

एवढं झाल्यावर सीसीएनए (नेटवर्कची) किंवा सिक्युरिटी प्लस (सुरक्षेची) यांपैकी एक परीक्षा द्या, दोन्हींची गरज नाही. सुरुवातीच्या पगारातून मुंबईकडे खोलीचं भाडं, जेवणखाण आणि प्रवास जाऊन फार काही उरत नाही, तेव्हा एका हंगामाचे पैसे बाजूला ठेवूनच निघा. मे संपायच्या आत मात्र निघू नका.

कलमं वर्षभरासाठी कराराने देता येतात, म्हशींचं तसं होत नाही. त्या विकायच्या की घरचं कोणी बघणार, हे घरच्यांशी गणपतीच्या आधीच बोलून घ्या. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलं की प्रत्येक जण सल्ला देतो आणि म्हशीचं कोणीच बोलत नाही.