विश्वास उडाला तो नेमका कुठल्या साली?

प्रश्न : नमस्कार सर, मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो, वय 58. वडील गिरणीत होते, आई घरी विड्या वळायची, मांडीवर सूप घेऊन बसली की हजार विड्या झाल्याशिवाय उठायची नाही. लाल बावटा आम्हाला कुणी शिकवला नाही, तो घरातच होता. विसाव्या वर्षी मी पूनम गेटला धरणं धरून बसलोय, घोषणा देऊन घसा बसायचा. पुढे गिरणी बंद पडली, वडिलांचे पैसे अडकले, मी दुसऱ्याच्या शेडात कामाला लागलो आणि 1998 ला कर्ज काढून स्वतःचे चार माग घेतले टॉवेलचे, आता बारा आहेत. मधे दहा-बारा वर्षं एकदम दुसऱ्या टोकाच्या पक्षाचं काम केलं, बूथवर बसलो, स्लिपा वाटल्या. आता मात्र कुणाचंच खरं वाटत नाही, टीव्ही लावला की सगळे चोर दिसतात. पोरगी पुण्याला शिकते, ती म्हणते पप्पा तुम्ही सेटल झालात म्हणून सेफ खेळताय. आणि परवा चहाच्या गाड्यावर जुना दोस्त चारचौघांत म्हणाला, "काय बे, अजून किती रंग बदलणार?" ते फार लागलं. वय झालं की सगळ्यांचंच असं होतं का मीच कच्चा निघालो? नाव छापू नका.

उत्तर : नाव छापत नाही, आणि अशोक चौकात बारा मागवाले बरेच आहेत तेव्हा निर्धास्त राहा.

तुमच्या दोस्ताने ते घासून गुळगुळीत झालेलं वाक्य फेकलं नाही हे नशीब. विशीत डावा नसेल त्याला काळीज नाही आणि चाळिशीतही डावाच राहिला त्याला डोकं नाही, असं काहीतरी, आणि खाली चर्चिलचं नाव. चर्चिल असं म्हणाल्याची नोंद कुठेही नाही. आणि गंमत म्हणजे त्या गृहस्थाचं आयुष्य नेमकं उलटं गेलेलं. 1900 साली पंचविशीत तो उजव्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडून निवडून आला, 1904 ला उठून लिबरल पक्षात गेला आणि वीसेक वर्षांनी परत पहिल्या घरी आला. म्हणजे तुमच्या दोस्ताच्या हिशेबाने तोही रंगबदलूच.

आता खरं काय ते. अमेरिकेत 1930 च्या दशकात बेनिंग्टन नावाच्या मुलींच्या कॉलेजात न्यूकम्ब नावाच्या संशोधकाने अभ्यास केला. बऱ्याच पोरी श्रीमंत, सनातनी घरातल्या, कॉलेजच्या हवेत त्यांची मतं डावीकडे सरकली. पंचवीसेक वर्षांनी, लग्न-संसार-पोरंबाळं सगळं झाल्यावर, त्यांना परत शोधून विचारलं तर बहुतेकजणी तिथंच होत्या. 2020 ला आलेल्या एका अमेरिकन अभ्यासातही तेच, माणसांची मतं आपण समजतो तेवढी वयाने हलत नाहीत, पण ज्यांची हलतात त्यांच्यात डावीकडून उजवीकडे जाणारे जास्त. म्हणजे केस पांढरे व्हायला लागले की मत आपोआप बदलतं असं काही नाही, बदलायला काहीतरी घडावं लागतं.

आणि ते काय घडलं हे तुम्हीच लिहिलंय, बहुतेक तुमच्या लक्षात आलं नाही. पत्रात साल एकच आहे. वडील कधी वारले, लग्न कधी झालं, पहिलं मत कधी दिलं, कशाचं साल नाही. 1998 मात्र आहे. ज्या वर्षी माग घेतले त्या वर्षी तुम्ही कामगाराचे कारखानदार झालात, चार मागांचे का होईना. मला वाटतं विश्वास उडायला सुरुवात तिथून झाली. आधी ज्या मोर्चात तुम्ही पुढे असायचा तोच मोर्चा मजुरीवाढीसाठी तुमच्या शेडासमोरून गेला असणार, आणि लाईटबिल हातात धरून तुम्ही दारात उभे असाल. त्या क्षणी घोषणा खोट्या झाल्या नव्हत्या, तुम्ही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला आला होता एवढंच. यात लाज वाटण्यासारखं काही नाही हो, पण त्याला वयाचा शहाणपणा म्हणू नका, पोरगी नेमकं तेच पकडतेय.

चिमणीचंच बघा ना. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून 2023 च्या जूनमध्ये पाडली, त्याआधी काही वर्षं अख्खं शहर दोन भागांत फाटलं होतं, चिमणीवाले आणि विमानवाले. माझ्या ओळखीत एकाच पक्षाला मत देणारे दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. एकाचा ऊस त्या कारखान्याला जायचा, दुसऱ्याचा पोरगा बंगलोरला नोकरीला. वयात फरक दोन वर्षांचा! तुम्हीच सांगा त्यात वय कुठे आलं आणि विचारसरणी कुठे आली.

आता संशयाचं. संशय घेणं चांगलंच, या वयात तरी घेतलाच पाहिजे. फक्त तो सगळ्यांवर सारखा पडतोय का ते तपासा. मजुरीवाढ मागणाऱ्या पुढाऱ्यावर तुम्ही चटकन शंका घेत असाल, आणि सूत व्यापाऱ्याने भाव वाढवला की "मार्केटच तसंय" म्हणून गप्प बसत असाल, तर ती शंका नव्हे, तो तुमचा हिशेब आहे. "सगळे चोर" हे तर मला बिलकुल पटत नाही. सगळे चोर म्हटलं की कोण किती चोर हे बघायचं कामच संपतं, आणि जो खरंच चोर आहे त्याला यासारखी सोय नाही, त्याला गर्दीत उभं राहायला मिळतं.

एकदा कुंभारीला चक्कर मारून या. तुमच्या आईसारख्या विड्या वळणाऱ्या बायकांच्या नावावर तिथं घरं झालीत. गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या दहा हजार घरांचा कार्यक्रम 2006 ला, तेव्हा पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. पुढे रे नगर, तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पंधरा हजारांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला द्यायला नरेंद्र मोदी आले. दोन्हीच्या मागे वर्षानुवर्षं लागलेला माणूस मार्क्सवादी पक्षाचा, आडम मास्तर. आता यात कुणाला किती मार्क द्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, भांडायला भरपूर जागा आहे. पण तुमच्या गल्लीतलं कुणीतरी नक्की तिकडं राहायला गेलेलं असणार, त्या बाईच्या घरात बसून चहा पिताना "कुणीच काही करत नाही" असं म्हणून दाखवा.

दोस्ताला काय सांगायचं? त्याला सांगा, आमदार-खासदारांसाठी 1985 ला पक्षांतरबंदी कायदा करावा लागला कारण त्यांना उडी मारली की काहीतरी मिळत होतं, मला दोन्हीकडे काय मिळालं, बूथवरची गार पुरीभाजी. रंग बदलणं आणि मत बदलणं यातला फरक तिथं आहे. जयप्रकाश नारायण अमेरिकेतून मार्क्सवादी होऊन आले, मग समाजवादी, मग 1954 ला सर्वोदयात जाऊन बसले, आणि सत्तरी ओलांडल्यावर 1974 ला परत रस्त्यावर उतरले. त्यांना कच्चा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. तुमची आणि त्यांची बरोबरी करत नाहीये, पण तुम्हीही विचारलंत की मीच कच्चा का, आणि कच्चा माणूस हा प्रश्न विचारत नाही, तो चहा संपवून निघून जातो.

पोरगीशी मात्र 1998 बद्दल बोला. राजकारण बाजूला ठेवा, कर्ज कसं काढलं, पहिला कामगार कोण ठेवला, त्याला मजुरी किती दिली आणि देताना आपले वडील आठवले का, एवढं सांगा.

प्रश्न : सर मी 23 वर्षांची आहे, जुळे सोलापूरला राहते, स्पर्धा परीक्षा देते. लोकांचा म्हातारपणी विश्वास उडतो म्हणे, माझा आत्ताच उडालाय. फॅमिली ग्रुपवर काका लोकांचे फॉरवर्ड बघितले की फोन फेकून द्यावासा वाटतो. मी लवकर म्हातारी झाले का?

उत्तर : नाही गं, तुझा उडालेला नाही, तो अजून बसलेलाच नव्हता. उडायला आधी कुठेतरी बसावा लागतो. तुझ्या काकांनी निदान एकदा कुणासाठी तरी घसा फोडलाय, ते फसले, चिडले, आता फॉरवर्ड करतात. तू न फसताच चिडलीयेस. मानहाइम नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने 1928 ला लिहिलंय की साधारण सतराव्या वर्षापासून पुढच्या काही वर्षांत आपण जे बघतो त्यातूनच जगाकडे बघायची नजर बनते, तर ही वर्षं नुसती फोनवर चिडण्यात घालवू नकोस.

अभ्यास करतेसच तर एक काम कर. 2002 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर उमेदवाराला स्वतःवरचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण हे सगळं प्रतिज्ञापत्रात द्यावं लागतं, फॉर्म 26 म्हणतात, निवडणूक आयोगाच्या साईटवर फुकट बघायला मिळतं. तुमच्या आमदाराचं मागच्या दोन निवडणुकांचं काढ आणि आकडे शेजारी शेजारी ठेव. एक तासाचं काम आहे. मग काकांच्या ग्रुपवर ते टाक, नुसतं आकड्यांचं, शेरा न मारता. काका काय उत्तर देतात ते मला कळव, मी वाट बघतोय.

प्रश्न : नोटा दाबला तर काही होतं का? (बार्शीहून)

उत्तर : मोजला जातो. हे 'वरीलपैकी कुणी नाही'चं बटण 2013 पासून आहे. पण लोकसभा-विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालोखाल जो उमेदवार असेल तोच निवडून येतो. तेव्हा राग काढायला ठीक, आमदार पाडायला उपयोग नाही.

प्रश्न : सर, दुसऱ्यांना शिकवता, तुम्ही स्वतः कुठल्या बाजूचे? कधी मत बदललंय का? (सही नाही, पोस्टाचा शिक्का सोलापूरचा)

उत्तर : बदललंय, तीन वेळा, आणि सध्याचं सांगणार नाही. पण एक सांगतो. 1977 ला मी एकोणीस वर्षांचा होतो, तेव्हा एकविसाशिवाय मत नव्हतं, तरी आणीबाणीच्या रागात रात्र रात्र भिंती रंगवल्या. जनता सरकार आलं, आम्हाला वाटलं झालं आता. सव्वादोन वर्षांत ते आपापसात भांडून पडलं. 1980 च्या जानेवारीत परत मतदान, माझं आयुष्यातलं पहिलं, आणि मी इतका वैतागलो होतो की त्या दिवशी मुद्दाम मित्रांबरोबर मंद्रूपकडे शेतात हुरडा खायला गेलो. सगळे चोर आहेत असं मोठमोठ्याने बोलत आम्ही आगटीभोवती बसलो होतो, फार भारी वाटत होतं.

संध्याकाळी घरी आलो तर आई भाकरी थापत होती, बोटाला शाई. ती कुठल्याही बाजूची नव्हती, चौथी शिकलेली. दुपारी उन्हात रांगेत उभं राहून आली होती. मला ओरडली नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि एवढंच विचारलं, "हुरडा कोवळा होता का रे?"