न्यू प्लिमथचे हॅरिस मूळ कुठले? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सून न्यूझीलंडची आहे. नातवासाठी दोन्हीकडची वंशावळ लिहायला घेतली. आमच्या बाजूची त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीतून बरीच मिळाली. विहीणबाईंकडे मात्र एवढेच ठाऊक, की त्यांचे खापरपणजोबा विल्यम हॅरिस १८४१-४२च्या सुमारास कॉर्नवॉलहून न्यू प्लिमथला आले. इंग्लंडच्या नोंदींत या नावाची माणसे ढिगाने सापडतात. त्यातले आपले कोणते? – एक वाचक, ठाणे

उत्तर : इंग्लंडमधला शोध तूर्त थांबवा. तिकडे गोत्र नाही, कुलदैवत नाही, आणि ‘हॅरिस’वरून गाव कळत नाही. माणूस ओळखायचा तो पॅरिशवरून, म्हणजे ज्या चर्चच्या हद्दीत त्याचा बाप्तिस्मा झाला त्यावरून. ते पॅरिश न्यूझीलंडच्या कागदांत शोधावे लागते, कारण इंग्लंडमधून बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या सलग सरकारी याद्या १८९० पासूनच्याच आहेत.

पहिला कागद मृत्युनोंदीचा. १८७६ पासूनच्या नोंदीत आईवडिलांची नावे, जन्मठिकाण, लग्न कुठे आणि कितव्या वर्षी झाले, वसाहतीत किती वर्षे काढली, हयात मुलांची वये असे सगळे रकाने आहेत. त्याआधीच्या नोंदीत नाव, वय, धंदा, मृत्यूचे कारण यापलीकडे फारसे काही नसते. विल्यम आधीच वारले असतील, तर त्यांच्या नोंदीवर पैसे घालवू नका. सोबत आलेल्या भावाची, बहिणीची किंवा इंग्लंडमध्ये जन्मलेल्या थोरल्या मुलाची १८७६ नंतरची नोंद काढा. काढताना नवा दाखला न मागता मूळ नोंदीची प्रत मागा. नोंदीतली माहिती जावयाने किंवा शेजाऱ्याने दिलेली असते, त्यामुळे आजीचे माहेरचे नाव चुकणे सर्रास घडते. जन्मठिकाणापुढे नुसते ‘कॉर्नवॉल’ लिहिलेलेही खूप दिसते.

मग जुन्या वृत्तपत्रांकडे वळा. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘पेपर्स पास्ट’ हे जुन्या वृत्तपत्रांचे संकेतस्थळ फुकट आहे. जुना वसाहतकरी वारला की तो कुठल्या जहाजाने आला आणि मूळ कुठला, हे मृत्युलेखात अनेकदा येई. निधनवार्तेच्या शेवटची बारीक ओळ सोडू नका. ‘अमुक भागातील वृत्तपत्रांनी ही वार्ता उतरवून घ्यावी’ अशी विनंती तिथे असते, आणि नातलग कुठे राहत होते ते त्यावरून कळते. जनगणनेच्या भरवशावर मात्र राहू नका. न्यूझीलंडचे त्या काळचे घरोघरचे तक्ते नष्ट केलेले आहेत. त्यांची जागा काही अंशी मतदारयाद्या भरून काढतात. १८९३ पासून बायकांनाही मत असल्याने सासवा-सुनाही त्यांत सापडतात.

जहाजाचे नाव कळले की पुढचा रस्ता ठरतो. ‘विल्यम ब्रायन’ नोव्हेंबर १८४०मध्ये प्लिमथहून निघाले आणि ३१ मार्च १८४१ला न्यू प्लिमथला लागले. ‘टिमांड्रा’ फेब्रुवारी १८४२मध्ये पोचले. इंग्लंडची जनगणना झाली ६ जून १८४१ला. तेव्हा ‘टिमांड्रा’ची कुटुंबे तीत सापडायला हवीत, ‘विल्यम ब्रायन’ची सापडणारच नाहीत. त्या जनगणनेत सहसा १५ वर्षांपुढचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहिले आहे, म्हणजे ३७चा माणूस ३५चा दिसेल. शिवाय जन्मगाव नाही, याच काउंटीतला (जिल्ह्यातला) की नाही एवढेच आहे. प्रवासीयादीतले वय तर आणखी संशयाने पाहा. मोफत प्रवासाला वयाची आणि धंद्याची अट होती. वय चोरलेले आणि धंदा सोयीने सांगितलेला असायचा. या वसाहतकऱ्यांना पाठवणाऱ्या न्यूझीलंड कंपनीचे हे दप्तर लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात सीओ २०८ या मालिकेत आहे.

पॅरिश हाती आले की बाप्तिस्म्याची नोंदवही. १८१३ पासून छापील रकान्यांत वडिलांचा धंदा आणि राहण्याचे ठिकाण मिळते. नोंद नसेल तर घाबरू नका: कॉर्नवॉलमध्ये मेथडिस्ट या वेगळ्या ख्रिस्ती पंथाचे लोक फार, त्यांच्या १८३७ पर्यंतच्या पुष्कळ वह्या क्यूलाच आरजी ४ मालिकेत आहेत. नाव जुळले म्हणून लगेच कवटाळूही नका. त्याच नावाचे मूल लहानपणीच दगावले का, ते दफननोंदीत पाहा. आणि तो विल्यम १८५१च्या जनगणनेत इंग्लंडमध्येच नांदताना दिसला, तर तो तुमचा नव्हे.

मराठी माणूस हमखास फसतो ते मधल्या नावापाशी. ‘हेन्री पास्को हॅरिस’ यातले पास्को हे वडिलांचे नाव नव्हे. बहुधा ते आईचे किंवा आजीचे माहेरचे आडनाव असते, आणि आडनाव पास्कोसारखे खास कॉर्नवॉलचे निघाले तर हॅरिसपेक्षा तेच शोधणे सोपे.

प्रश्न : ऑकलंडच्या मैत्रिणीचे पूर्वज १८४७ साली फेन्सिबल सैनिक म्हणून आले. थोरल्या मुलाचा जन्म ‘पूना’ असा नोंदला आहे. हे आपलेच पुणे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बहुधा हो. फेन्सिबल म्हणजे निवृत्तिवेतनावरचे शिपाई. १८४७ ते १८५२ या काळात त्यांना ऑकलंडजवळ ओनेहुंगा, हॉविक, पॅनम्युर, ओटाहुहू इथे वसवले. त्यांतल्या बऱ्याच जणांची पलटण आधी हिंदुस्थानात होती. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह व दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ मालिकेत आहेत. पूना, किर्की (आपली खडकी) आणि नुसते ‘कॅम्प’ असे तिन्ही शोधा. नोंदीत वडिलांचा हुद्दा आणि पलटण असते, आणि खरा मोहरा पलटण हाच. राणीच्या फौजेतला असेल तर क्यूच्या डब्ल्यूओ ९७ मालिकेतल्या सेवामुक्तीच्या कागदात जन्माचे पॅरिश मिळेल. कंपनी सरकारच्या गोऱ्या पलटणीतला असेल तर तिथे मिळणार नाही. ब्रिटिश लायब्ररीतले कंपनीचे लष्करी दप्तर पाहा. तो आयरिश निघण्याचीही तयारी ठेवा.

प्रश्न : डीएनए चाचणीने गाव कळेल का?

उत्तर : नाही. ‘इतके टक्के इंग्रज’ या आकड्यातून पॅरिश निघत नाही. उपयोग होतो तो जुळणाऱ्या नातलगांच्या यादीचा, त्यांच्या वंशावळींशी आपली ताडून पाहायला. चाचणी नातवाची न करता घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीची करा. दर पिढीला निम्मा वाटा गळतो.