लिनक्सवर एफएसएक्स (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्स) स्टीम एडिशन चालतं, पण वेगळ्या घेतलेल्या अॅड-ऑन विमानाचा इन्स्टॉलर ‘सिम्युलेटर सापडला नाही’ म्हणतो. काय करावं?

इन्स्टॉलर चुकीच्या घरात शोधतोय. प्रोटॉन, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणारं स्टीमचं साधन, प्रत्येक गेमसाठी वेगळा प्रीफिक्स बनवतं, म्हणजे स्वतंत्र सी ड्राइव्ह आणि स्वतंत्र रजिस्ट्री (विंडोजची नोंदवही). एफएसएक्सचा प्रीफिक्स स्टीमच्या ‘कॉम्पॅटडेटा’ फोल्डरमध्ये 314160 या नावाखाली असतो. इन्स्टॉलरवर डबल-क्लिक केलं की तो साध्या वाइनच्या (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) प्रीफिक्समध्ये उघडतो आणि तिथे सिम्युलेटरची नोंदच नसते.

आधी गेम एकदा मेन्यूपर्यंत सुरू करून बंद करा, म्हणजे प्रीफिक्स तयार होईल. मग प्रोटॉनट्रिक्स (प्रोटॉनच्या प्रीफिक्समध्ये प्रोग्राम चालवू देणारं साधन) टाका, यादीतून एफएसएक्स निवडा आणि इन्स्टॉलर त्यातूनच चालवा. सिमकनेक्टवर (एफएसएक्सशी इतर प्रोग्राम जोडणाऱ्या सोयीवर) चालणारे बाहेरचे प्रोग्रामही याच प्रीफिक्समध्ये सुरू करावे लागतात, नाहीतर ते गेमशी जोडलेच जात नाहीत. बहुतेकांचं अडतं ते इथेच.

एक लक्षात असू द्या: एफएसएक्स 32-बिट आहे. रॅम कितीही असली तरी त्याला 4 जीबीच्या पुढे मेमरी वापरता येत नाही, त्यामुळे जड विमान आणि जड सीनरी एकत्र लावली की ते बंद पडू शकतं. हा दोष लिनक्सचा नाही, विंडोजवरही तेच होतं. टेक्स्चर रिझोल्यूशन कमी करून पाहा.

लिनक्सऐवजी मॅक असेल तर: एम-सिरीज (अॅपलच्या स्वतःच्या चिपच्या) मॅकवर बूट कॅम्प, म्हणजे विंडोज टाकण्याची सोय, नाही. तिथे सरळ एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटर घ्या, ते मॅकवर थेट चालतं.