दिवसभर घरात, तरी बोलणं नाही

प्रश्न: ताई, मार्च 2020 च्या लॉकडाऊनपासून आमचे हे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरातूनच काम करतात, दिवसभर समोर असतात पण बोलणं म्हणजे भाजी काय आणि सॅनिटायझर संपलं का एवढंच. आधी रंकाळा तलावावर चक्कर व्हायची तेव्हा जास्त बोलायचो. काय करू?

उत्तर: अगं, ती चक्करच तुमची बोलायची जागा होती की! आता संध्याकाळी मोबाईल खाली ठेवून दोघं टेरेसवर फिरा, शेजारी चालताना माणूस जरा मोकळं बोलतो. गॉटमन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सांगतात, जोडीदार "बघ किती ढग आलेत" एवढंच म्हणाला तरी त्याला उत्तर द्यायचं, नातं त्यातच असतं. आणि नोकरीचं टेन्शन त्यांना असणार (बरेच पुरुष ते सांगत नाहीत, चिडतात), तेव्हा लगेच उपाय सुचवू नकोस, नुसतं ऐक. तुलाही थोडा वेळ एकटीचा लागतो, तो हक्कानं माग.